झाडांच्या विषाचा उलगडा करणारा गुरू

फडक्यात बांधलेल्या कडधान्याला मोड येतात, तेव्हा दाण्यातली प्रथिने मोडून त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांतल्या काहींतून पुढे अमोनिया सुटतो. अमोनिया हे तर झाडाला विषच! मग कोंब मरत कसा नाही? या प्रश्नाने दिमित्री प्र्यानिश्निकोव यांना झपाटले.

मंगोलियाच्या सीमेवरच्या क्याख्ता या चहाच्या व्यापारी गावात १८६५ साली त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले. शाळा इर्कुत्स्कला, विद्यापीठ मॉस्कोला. पुढे ते झुरिकला एर्न्स्ट शुल्त्से यांच्या प्रयोगशाळेत गेले.

अंधारात वाढलेल्या कोंबांत अ‍ॅस्पराजिन नावाचे द्रव्य साठते, हे तेव्हा माहीत होते. आपल्या शतावरीची जी युरोपातली बहीण, तिच्या रसात ते १८०६ मध्ये प्रथम सापडले, म्हणून हे नाव. प्रथिने मोडताना ते आपोआप बाहेर पडते, अशी समजूत होती. प्र्यानिश्निकोव यांनी दाखवले की झाड ते सुटलेल्या अमोनियापासून मुद्दाम तयार करते. आपले यकृत अमोनियाचा युरिया करते, तसेच हे. मात्र आपण युरिया टाकून देतो. झाड संसारी गृहिणीसारखे काहीच फेकत नाही. साखर हाताशी आली की त्याच नायट्रोजनातून ते नवी प्रथिने घडवते. पानातही हाच व्यवहार. उजेडात साखर भरपूर, तेव्हा अमोनिया लगेच बांधला जातो. बराच काळ अंधारात राहिलेले पान उपाशी पडते, स्वतःचीच प्रथिने मोडू लागते, आणि साखर पुरती संपली की विष साचू लागते. अमोनिया आधी ग्लुटामिनमध्ये बांधला जातो, हा तपशील पुढच्या संशोधकांनी भरला. अमोनियाची खते पिकाला नायट्रेटइतकीच मानवू शकतात, हे प्र्यानिश्निकोव यांचे म्हणणे याच अभ्यासातून आले.

मॉस्कोच्या कृषी संस्थेत त्यांच्या हाताखाली निकोलाय वाविलोव शिकले. जगभर हिंडून बियाणे गोळा करणारे तेच वाविलोव. ऑगस्ट १९४० मध्ये सरकारने त्यांना अटक केली. भलेभले गप्प बसले, ओळख विसरले. पंचाहत्तरीतले गुरुजी मात्र वरिष्ठांना पत्रे लिहीत राहिले. बेरियासारख्या पोलीसप्रमुखाकडेही त्यांनी शब्द टाकला. एवढ्यावर न थांबता १९४१ मध्ये त्यांनी स्टालिन पुरस्कारासाठी तुरुंगातल्या शिष्याचे नाव सुचवले. त्या दिवसांत एवढे धाडस म्हणजे स्वतःचीच मान पुढे करणे होते.

उपयोग झाला नाही. जानेवारी १९४३ मध्ये वाविलोव सारातोवच्या तुरुंगात वारले. प्र्यानिश्निकोव एप्रिल १९४८ मध्ये गेले. त्यानंतर चारच महिन्यांत लिसेंकोच्या गटाने त्या देशात अनुवंशशास्त्रावरच बंदी आणवली. वाविलोव यांच्यावरचा ठपका पुसला गेला तो १९५५ मध्ये.