अंगणातील शाळा : ताराबाई मोडक

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. राजकोट येथील मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सहभागी झाल्या. १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी होय. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी अनेक शिक्षिका घडविल्या. अंगण झाडणे, मुलांना स्वच्छ करणे ही सेवा तेथे अध्यापनाचाच भाग होती. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. १९७५ च्या केंद्रीय योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली.