रँग्लर परांजप्यांचे स्वागत टिपणारे सावेदादा

मेळावा म्हटला की शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो होतोच. त्यात सगळे दिसतात, फोटो काढणारा तेवढा दिसत नाही. स्मरणिकेच्या या पानावर अशाच एका माणसाची आठवण करावीशी वाटते. परदेशातून यश मिळवून परतलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे आगमन या माणसाने १९०१ साली हलत्या चित्रात टिपले. विद्यार्थ्याचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. चित्र घेणाऱ्याचे नाव सिनेमाच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे, पण त्या पुस्तकांबाहेर ते फारसे कानी पडत नाही.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा जन्म १८६८ चा. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा फोटोग्राफीचा स्टुडिओ होता आणि कॅमेऱ्याच्या सामानाचाही व्यापार होता. धंदा जम बसलेला होता.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार अशी मिनिटभराची चित्रे. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. पाहणारे थक्क होऊन घरी गेले. सावेदादांनीही ही चित्रे पाहिली आणि आपणही अशी घ्यायची असे ठरवले. त्यांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. त्या काळच्या हिशेबाने ही रक्कम सव्वातीनशे रुपयांच्या घरात जाते. शिकवणारे कोणी नव्हते. हँडल एका लयीत फिरवायचे, रीळ संपायच्या आत दृश्य पकडायचे, हे स्वतःच शिकायचे होते.

पहिले चित्र १८९९ साली घेतले. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि तिच्यावर कॅमेरा चालवला. फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती, ती बोटीने लंडनला पाठवली. आपले चित्र आले की बिघडले हे कळायलाही कित्येक आठवडे थांबायचे. मधल्या काळात त्यांनी प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी चित्रांचे खेळ दाखवायला सुरुवात केली. दुसरे चित्र माकडांना शिकवणाऱ्या माणसाचे. राजेमहाराजे नाहीत, साहेबाची शिकार नाही. रोजच्या जगण्यातले विषय त्यांना चित्रात घ्यावेसे वाटले, हे विसरू नये.

मग आला डिसेंबर १९०१. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजात शिकून शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले होते. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परकी राज्यात आपल्या मुलाने राज्यकर्त्यांच्याच विद्यापीठात पहिले यावे, याचा लोकांना केवढा अभिमान वाटला असेल! असे हे परांजपे परतले तेव्हा सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. भारतीय माणसाने घेतलेले पहिले वार्ताचित्र म्हणून या चित्राकडे पाहिले जाते. परांजपे पुढच्याच वर्षी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि मुलांना शिकवत राहिले. आपल्या देशातले हे पहिले वार्ताचित्र एका विद्यार्थ्याच्या घरी परतण्याचे होते, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत नोंदवण्यासारखीच आहे.

१९०३ साली लॉर्ड कर्झनने दिल्लीत भरवलेला दरबारही सावेदादांनी चित्रित केला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी कॅमेरा विकला आणि गेटी थिएटरच्या कारभारात लक्ष घातले. पुढे हेच थिएटर कॅपिटॉल म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, मग बोलपट आले. हे सगळे सावेदादांच्या डोळ्यांदेखत घडले. १९५८ साली, नव्वदीला टेकले असताना, ते गेले.

त्यांनी घेतलेली चित्रे आज उरलेली नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती झटकन पेट घेई आणि नीट जपली नाही तर कालांतराने चिकट होऊन तिचा भुगा होई. शिवाय खेळ संपला की जुने रीळ जपून कशाला ठेवायचे, असाच सगळीकडे समज होता.

१९२३ नंतर १६ मिलिमीटरची, सहज पेट न घेणारी फिल्म आली. मग हिंदुस्थानात राहणारे इंग्रज अधिकारी, मळेवाले आणि मिशनरी घरगुती चित्रे घेऊ लागले. मुलांचे वाढदिवस, मिशनच्या शाळा, बाजार, दौरे असे सगळे त्यांनी टिपले. त्यांच्या कुटुंबांनी ती रिळे सांभाळली आणि पुढे संग्रहालयांना दिली. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात अशा चित्रांचा मोठा संग्रह आहे. म्हणजे साहेबाच्या घरातला चहाचा समारंभ आज केंब्रिजमध्ये बघायला मिळतो, आणि केंब्रिज जिंकून आलेल्या आपल्या परांजप्यांचे आगमन मात्र कोणालाच बघता येत नाही. दोष सावेदादांचा नाही. त्यांनी आपले काम चोख केले होते. जपायचे काम मागच्यांचे होते.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात शाळेचे जुने फोटो असतील, कोणाकडे स्नेहसंमेलनाची व्हिडिओ कॅसेटही असेल. मेळाव्याहून घरी गेल्यावर ती एकदा बाहेर काढावी. फोटोमागे साल आणि नावे लिहावीत, कॅसेट बिघडण्याआधी तिची नक्कल करून घ्यावी. आणि नावे लिहिताना फोटो काढणाऱ्याचेही नाव आठवून लिहावे.