हैफाचे वीर मेजर दलपतसिंह शेखावत

बुलढाणा जिल्ह्यातील आपली राजपूत कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत, कपाशी-ज्वारी पिकवीत या मातीशी एकरूप झाली आहेत. तरीही लग्नकार्य निघाले की नवरदेवास घोडा हवा आणि हाती तलवारही हवी. ती तलवार घोड्यावरून रणात कोठे चालली, असे एखाद्या मुलाने विचारल्यास आपण निरुत्तर होतो. आम्ही स्वतः आयुष्यभर इतिहास शिकविला, पानिपतचा नकाशा फळ्यावर न पाहता काढला. परंतु हैफाचे नाव वर्गात कधी घेतले नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, या हेतूने हे अल्प चरित्र समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

दलपतसिंहांचा जन्म १८९२ साली मारवाडात झाला. त्यांचे वडील हरिसिंह हे नामांकित पोलोपटू व जोधपूरच्या सर प्रतापसिंहांचे अत्यंत विश्वासू होते. दलपतसिंहांचे शिक्षण इंग्लंडात झाले आणि पुढे ते जोधपूर लान्सर्स या घोडदळात दाखल झाले. १९१४ साली महायुद्ध पेटताच हे दळ फ्रान्सला गेले. सत्तरीस टेकलेले सर प्रतापही बरोबर होते. परंतु तेथे खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांचेच राज्य. घोड्यास धावण्यास वाव नव्हता. स्वारांना पायउतार होऊन खंदकांत उतरावे लागले.

१९१८ साली हे दळ पॅलेस्टाइनच्या आघाडीवर आले. तेथील मोकळ्या भूमीवर घोड्यास पुन्हा वाव मिळाला. १४ जुलै रोजी जॉर्डनच्या खोऱ्यातील चकमकीत दलपतसिंहांनी शौर्य गाजविले व त्यांना मिलिटरी क्रॉस प्राप्त झाला.

२३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा बंदर जिंकण्याची कामगिरी आली. एका बाजूस कार्मेल पर्वत, दुसऱ्या बाजूस किशोन नदी व मधून अरुंद वाट. पर्वतावर तुर्कांच्या बाजूच्या तोफा. आदल्याच दिवशी चिलखती मोटारींना येथून माघार घ्यावी लागली होती. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी त्या तोफांवर कार्मेल चढून गेली. दुपारी दोनच्या सुमारास जोधपूरचे स्वार भाले सरसावून निघाले. नदी ओलांडावी, तर काठ दलदलीचा. घोडे रुतू लागले. थांबणे म्हणजे मरण. तेव्हा दळ डावीकडे वळले आणि पर्वताच्या पायथ्याच्या मशीनगनांवर तुटून पडले. वाट मोकळी झाली. परंतु दलपतसिंहांना गोळी लागून ते कोसळले आणि वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी वीरगतीस प्राप्त झाले. अमानसिंह जोधा यांनी सूत्रे हाती घेतली व दौड थेट शहरात शिरली. सुमारे १,३५० कैदी व १७ तोफा हाती आल्या. आपल्या बाजूचे ८ जण ठार व ३४ जखमी झाले. ६० घोडेही मेले.

ते युद्ध इंग्रजांच्या साम्राज्याचे होते, आपल्या स्वातंत्र्याचे नव्हे, ही गोष्ट आम्ही मुलांपासून लपवू इच्छीत नाही. तथापि पत्करलेले काम अर्ध्यावर न टाकणे आणि माणसांना पुढे धाडण्याऐवजी त्यांच्या पुढे स्वतः असणे, हे गुण कोणत्याही झेंड्याचे नसतात. दिल्लीत १९२२ साली उभारलेल्या तीन मूर्ती जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या तिन्ही संस्थानांच्या स्वारांच्या आहेत. २०१८ साली त्या चौकास हैफाचे नाव जोडले गेले. तेथे आपला स्वार एकटा उभा नाही, हेही ध्यानात असावे. दलपतसिंह केवळ आपल्या जातीचे म्हणून मिरवू लागलो, तर त्या दोन मूर्तींकडे पाठ फिरविल्यासारखे होईल.

येत्या लग्नसराईत नवरदेवाच्या हातातील तलवारीकडे पाहून एखादे मूल प्रश्न करील, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला हैफाची ही हकीकत अवश्य सांगावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.