डॉ. कोटणीस : प्रतीकामागे दडलेले युद्ध

भारत आणि चीन यांच्या नेत्यांची भेट झाली, की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव हमखास निघते. १९६२ नंतर हे मैत्रीचे प्रतीक आपल्याला अडचणीचे वाटू लागले, संबंध निवळताच ते पुन्हा उपयोगी पडले. माझा आक्षेप निराळा आहे. प्रतीकाच्या या चढउतारात ज्या युद्धाने त्यांना झिजवले, ते युद्धच आपल्या स्मरणातून निसटले.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशासाठी रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवावेत, ही घटना आजही मला विलक्षण वाटते. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी मुंबई सोडली. त्यांपैकी अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. विमानांतून वस्त्यांवर बॉम्ब पडतात तेव्हा काय होते, हे त्यांनी पाहिले होते.

कोटणीसांना ते कँटनमध्ये दिसले. त्या शहरावर वर्षभर बॉम्बफेक चालू होती. पथक पोहोचल्यानंतर पाच आठवड्यांच्या आत ते जपानच्या हाती गेले. वुहानही पडले. डॉक्टर पुढे सरकत होते आणि त्यांच्या मागे शहरे कोसळत होती. सैनिकांच्या जखमांविषयी त्या काळी आंतरराष्ट्रीय करार होते, परंतु युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र जिनिव्हा करार व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. वडील निवर्तल्याची वार्ता कोटणीसांना चीनमध्येच कळली. ते परतले नाहीत.

१९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. तेथून कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, शत्रूच्या पिछाडीला गेले. तेथे काम करणारे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात विष भिनले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जात, आणि शत्रू जवळ आला की सारा संसार उचलून दुसऱ्या गावी न्यावा लागे. ज्या घरात जखमी सापडेल, त्या घराचे काय होईल, हे सर्वांना ठाऊक होते. जपानी लष्कराच्या या मोहिमांना चिनी लोक सारे जाळा, सारे मारा, सारे लुटा अशा अर्थाच्या नावाने ओळखत. मे १९४२ मध्ये हेबेई प्रांतातील बेइतान गावी भुयारांत लपलेल्या लोकांवर विषारी वायू सोडण्यात आला. शेकडो माणसे मेली. कोटणीसांचे रुग्णालय शेजारच्याच तांग परगण्यात होते. त्यांच्या थोरवीच्या कथेत या शेतकऱ्यांना क्वचितच जागा मिळते. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही तगवणारी माणसे तीच होती, असे माझे मत आहे.

कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, शल्यशास्त्राचे पुस्तक लिहायला बसले. परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. त्याच काळात अपस्माराचे झटके वाढत होते. विश्रांतीसाठी मागे जाण्याचा आग्रह त्यांनी मानला नाही. अपस्मारावर तेव्हा औषध नव्हते असे नाही. १९१२ पासून फिनोबार्बिटल वापरात होते. पण वेढलेल्या त्या डोंगरांत साधे औषध पोहोचणेही दुरापास्त होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. बेथ्यून आणि कोटणीस या दोघांपैकी एकालाही गोळी लागली नाही. युद्धातील मृतांची गणना करताना असे मृत्यू सहसा निसटतात.

रुग्णालयांवरील हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला २०१६ मध्येही करावा लागला. तो तयार करणाऱ्या पाच देशांत जपान होता, याची नोंद येथे करायला हवी. हल्ले थांबलेले नाहीत.

यिनहुआनेही वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. ते पूर्ण होण्यापूर्वीच १९६७ मध्ये तो वारला. गुओ छिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षे जगल्या.