कमला सोहोनी: बटाट्याच्या पेशीतला इलेक्ट्रॉनचा हमाल

मी मूळचा कुरखेड्याचा. शिक्षण इंजिनिअरिंगचं, रोजचं काम कोड लिहायचं. पेशीच्या पडद्यातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात हे वाचत होतो, तेव्हा मध्येच एक मराठी नाव आलं: कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. दुर्गाबाई सगळ्यांना माहीत असतात, कमलाबाई फार थोड्यांना.

1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. वडील आणि काका दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मार्क उत्तम असूनही केवळ मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्या ऑफिससमोर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, गाईड सांगतील तेवढा वेळ काम करायचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! नोबेल मिळवलेल्या माणसाने असं वागावं, हे मला आजही पचत नाही. वर्षभर काम बघितल्यावर मात्र त्यांनी प्रवेश नियमित केला.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातही सायटोक्रोम सी हे प्रथिन काम करतं. अवघ्या 40 पानांचा प्रबंध, आणि 1939 मध्ये पीएचडी.

आता हे प्रथिन करतं काय? आपल्याकडचा मामा तलाव डोळ्यासमोर आणा. समजा, पंप लावून पाणी सतत तलावात चढवलं आणि तुडूम उघडून सोडलं, तर त्या धारेवर चक्की चालवता येईल. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात असंच होतं. त्याचा आतला पडदा म्हणजे तलावाची पाळ. हा पडदा चरबीचा, त्यामुळे विद्युतभार असलेले कण त्यातून आपोआप जात नाहीत. पडद्यात बसवलेली प्रथिनं प्रोटॉन एका बाजूला ढकलतात. प्रोटॉन परत येतात ते एका खास प्रथिनातून, म्हणजे तुडुमातून, आणि त्या जोरावर एटीपी तयार होतं. पेशीची बहुतेक कामं याच एटीपीवर चालतात.

पण पंपांना करंट कुठून? आपण खाल्लेल्या अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनमधून. सायटोक्रोम सी हा त्यातला छोटा हमाल. पडद्याच्या कडेकडेने फिरत एका पंपाकडून एक इलेक्ट्रॉन उचलायचा, पुढच्या पंपाला द्यायचा, परत यायचं. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, तोच इलेक्ट्रॉन धरतो आणि सोडतो. हा हमाल थांबला की पेशीचा वीजपुरवठा गेलाच समजा. प्रोटॉनचं हे गणित पीटर मिचेल यांनी मांडलं ते 1961 मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या पीएचडीनंतर 22 वर्षांनी.

केंब्रिजमध्ये राहता आलं असतं, पण त्या 1939 मध्येच परत आल्या. दिल्ली, कुन्नूर, आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. इथलं काम मला जास्त जवळचं वाटतं. गरीब लोक जे खातात ते त्यांनी तपासायला घेतलं: डाळी, धान्याची प्रथिनं, आणि नीरा. आमच्याकडे शिंदी म्हटलं की लोकांना नशाच आठवते. पण आंबण्याआधीचा ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलं व गरोदर बायांना ती दिल्यावर तब्येत सुधारते, हे त्यांनी दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही बरीच वर्षं लांबवलं गेलं. शेवटी त्या संचालक झाल्या. 1998 मध्ये दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.