डार्विनला गावच्या मातीतच राहायचं होतं

डार्विन म्हटलं की आठवते त्याची जहाजावरची सफर. पण ती होती जेमतेम 5 वर्षांची. त्यानंतर तब्बल 40 वर्षं तो राहिला इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात.

1842 मध्ये लंडनचा गोंगाट सोडून बायको एमा आणि दोन पोरांसह तो इथं आला. पुढं घर भरलं. भुंगे कुठून कुठं उडतात हे बघायला बाप पोरांनाच पळवायचा! दोन लेकरं मात्र तान्हेपणीच गेली, गावच्या चर्चच्या आवारात पुरली. आपल्यालाही तिथंच पुरावं, ही डार्विनची इच्छा.

1882 ला तो गेला. गावच्या सुतारानं साधी पेटीही बनवली. पण लंडनकरांनी त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेलं. एमा 1896 ला गेली, तिला डाऊनमध्येच पुरलं.