ओहायोच्या दोन संघांचा शिल्पकार : पॉल ब्राऊन

अमेरिकेच्या ओहायो राज्यात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ आहेत. उत्तरेला ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड ब्राऊन्स आणि दक्षिणेला ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी बेंगॉल्स. हे दोन्ही संघ शून्यातून उभे करण्याचे काम एकाच माणसाने केले. त्यांतील पहिल्या संघाने त्याला पदावरून दूर केले, म्हणून त्याने दुसरा संघ उभारला आणि आयुष्याची अखेरची वर्षे पहिल्या संघाचा प्रतिस्पर्धी म्हणून काढली. पॉल ब्राऊन हे त्यांचे नाव.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही. लांबट चेंडू, शिरस्त्राणे घातलेले प्रत्येकी ११ खेळाडू, १०० यार्डांचे मैदान आणि १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, असे त्याचे ढोबळ स्वरूप. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि नव्याने सुरू होतो. या थांबण्यामुळेच येथे प्रशिक्षकाच्या बुद्धीला मोठे महत्त्व आहे. खेळाच्या या स्वरूपाचा पुरेपूर उपयोग करून घेण्याची दृष्टी ब्राऊन यांच्याइतकी त्यांच्या आधी क्वचितच कोणाला लाभली असेल.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ रोजी ओहायोतील नॉरवॉक येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. पॉल लहान असतानाच हे कुटुंब मॅसिलन या पोलादाच्या गावी स्थायिक झाले. या गावात आणि शेजारच्या कँटनमध्ये फुटबॉलचे वेड फार जुने. पुढे नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेची स्थापना १९२० मध्ये कँटनमधील एका मोटारविक्रीच्या दुकानातच झाली होती. अंगाने किरकोळ असूनही पॉल शाळेच्या संघात क्वार्टरबॅक झाले. ऑक्सफर्ड गावातील मायामी विद्यापीठातून १९३० मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी मेरीलँडमधील एका शाळेत दोन वर्षे शिकवले आणि १९३२ मध्ये आपल्याच मॅसिलनच्या शाळेत ते प्रशिक्षक म्हणून परतले.

तो काळ महामंदीचा होता. गावातील गिरण्या थंडावल्या होत्या आणि शाळेचा संघ कँटनकडून सातत्याने हरत होता. पहिली तीन वर्षे ब्राऊन यांनाही कँटनला हरवता आले नाही. त्यानंतर मात्र चित्र पालटले. १९३५ ते १९४० या सहा वर्षांत मॅसिलनने फक्त एक सामना गमावला. शुक्रवारच्या रात्री सारे गाव मैदानावर लोटू लागले आणि १९३९ मध्ये शाळेसाठी नवे भव्य क्रीडांगण उभे राहिले.

ब्राऊन यांची पद्धत शिक्षकाची होती. खेळाडूंनी वर्गात बसायचे, प्रत्येक डावपेच स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यायचा आणि त्यावर लेखी परीक्षा द्यायची. गोरे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी एकाच संघात खेळत. कसोटी सर्वांसाठी एकच असे.

१९४१ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. दुसऱ्याच हंगामात, १९४२ मध्ये, त्या विद्यापीठाला त्यांनी पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. महायुद्धात नौदलात दाखल झाल्यावर शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स तळावरील संघ त्यांच्याकडे आला. ते युद्धाहून परतले तेव्हा व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठी उलथापालथ चालू होती.

क्लीव्हलँडचा जुना संघ, रॅम्स, १९४५ चे विजेतेपद जिंकूनही लॉस एंजलिसला निघून गेला. त्याच सुमारास ऑल अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही नवी प्रतिस्पर्धी लीग सुरू होत होती. तिच्यातील क्लीव्हलँडच्या संघाचे मालक होते टॅक्सी व्यवसायातील धनिक आर्थर मॅकब्राइड. मुख्य संघात जागा नसलेले राखीव खेळाडू हातचे जाऊ नयेत म्हणून मॅकब्राइड त्यांना आपल्या टॅक्सी कंपनीच्या पगारपटावर ठेवत. अशा खेळाडूंना त्या खेळात टॅक्सी स्क्वाड म्हणण्याची प्रथा पडली ती यातूनच. मॅकब्राइड यांनी संघाची सारी सूत्रे ब्राऊन यांच्या हाती सोपवली. संघाला नावही प्रशिक्षकाच्या आडनावावरून मिळाले. ब्राऊन यांना त्याचा संकोच वाटे आणि नावाच्या उगमाविषयी पुढे वेगवेगळ्या कथाही सांगितल्या गेल्या.

ब्राऊन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची घटना १९४६ च्या ऑगस्टमध्ये घडली. १९३४ पासून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला नव्हता. लेखी नियम कोठेही नव्हता, संघमालकांचा मूक संकेत होता. १९४६ मध्ये लॉस एंजलिसला गेलेल्या रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेऊन तो संकेत मोडला. त्यामागे तेथील सार्वजनिक क्रीडांगण वापरू देण्यासाठी घातलेल्या अटीचा दबाव होता. क्लीव्हलँडमध्ये असा कोणताही दबाव नव्हता. ब्राऊन यांनी बिल विलिस आणि मॅरियन मॉटली या दोघांना सराव शिबिरात बोलावले, इतरांबरोबर त्यांची पारख केली आणि संघात घेतले. विलिस ओहायो स्टेटमध्ये त्यांच्या हाताखाली खेळले होते. मॉटली कँटनच्या शाळेकडून मॅसिलनविरुद्ध आणि पुढे नौदलाच्या संघात ब्राऊन यांच्यासाठी खेळले होते. ना जाहीर घोषणा झाली, ना भाषण. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी वर्णभेदाची भिंत ओलांडली ती यानंतर, एप्रिल १९४७ मध्ये. रॉबिन्सन यांचे नाव जगभर झाले, विलिस आणि मॉटली यांच्या वाट्याला तितकी प्रसिद्धी आली नाही.

त्या दोघांचा मार्ग सोपा नव्हता. ढिगाऱ्यात पडल्यावर प्रतिस्पर्धी त्यांचे हात बुटांखाली तुडवत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायामी येथे सामना होता आणि फ्लॉरिडात गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकत्र खेळण्यास मनाई होती. ब्राऊन यांनी दोघांना क्लीव्हलँडमध्येच ठेवले आणि संघ त्यांच्याविना तेथे गेला. सामन्यावर बहिष्कार घालण्याइतके ते पुढे गेले नाहीत. ब्राऊन सुधारक म्हणून मिरवणारे नव्हते आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. त्यांना उत्तम खेळाडू हवे होते आणि कातडीचा रंग त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. मॉटली आणि विलिस या दोघांनाही पुढे कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

मैदानावरील यश थक्क करणारे होते. ६ सप्टेंबर १९४६ रोजीचा पहिलाच सामना पाहण्यास क्लीव्हलँडमध्ये साठ हजारांहून अधिक लोक जमले. नवी लीग चार वर्षे चालली आणि चारही विजेतेपदे ब्राऊन्सनेच पटकावली. साखळीतील ४७ विजय, ४ पराभव आणि ३ बरोबरी हा त्यांचा ताळेबंद. १९४८ मध्ये तर अंतिम सामन्यासह एकही पराभव नाही. एकाच संघाचे हे वर्चस्व लीगच्या मुळावर आले असेही म्हणता येते, कारण निकाल ठाऊक असलेल्या सामन्याला प्रेक्षक कशाला येतील?

ती लीग बंद पडली आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडसह तीन संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आले. जुन्या लीगचे लोक या नवागतांना हिणवत होते. पहिलाच सामना गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सशी, त्यांच्याच शहरात. ब्राऊन्सने तो ३५-१० असा जिंकला. त्या वर्षीचा अंतिम सामना २४ डिसेंबरला क्लीव्हलँडमध्ये झाला, तोही शहर सोडून गेलेल्या त्याच रॅम्सशी. अखेरची २८ सेकंद उरली असताना लू ग्रोझा यांनी मारलेल्या फील्ड गोलमुळे क्लीव्हलँड ३०-२८ असे विजयी झाले. नंतर १९५४ आणि १९५५ मध्येही विजेतेपद त्यांच्याकडेच आले. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम दहा हंगाम खेळले आणि दहाही वेळा संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

आज या खेळात नित्याच्या वाटणाऱ्या कित्येक गोष्टी ब्राऊन यांनी रुजवल्या. सहायक प्रशिक्षकांना वर्षभर नोकरीवर ठेवणे, सामन्यांच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करून प्रत्येक खेळाडूला गुण देणे, नव्या खेळाडूंची बुद्धिमत्ता चाचणी घेणे, ४० यार्डांच्या धावेची वेळ मोजणे, हे त्यांतले काही. त्या काळी मैदानावरचे डावपेच क्वार्टरबॅक ठरवत असे. ब्राऊन यांनी तो अधिकार स्वतःकडे घेतला. गार्डच्या जागेवरील दोन खेळाडू आळीपाळीने मैदानात जात आणि प्रशिक्षकाचा निरोप पोहोचवत. १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात चक्क रेडिओ बसवला. लीगच्या आयुक्तांनी काही आठवड्यांतच त्यावर बंदी घातली. त्याच लीगने १९९४ मध्ये या सोयीला रीतसर परवानगी दिली.

हीच पकड पुढे त्यांच्या अडचणीचे कारण ठरली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे तरुण व्यावसायिक आर्ट मॉडेल यांनी सुमारे ४० लाख डॉलरना संघ विकत घेतला. आधीचे मालक ब्राऊन यांच्या कामात लक्ष घालत नसत. मॉडेल यांना मात्र संघाच्या कारभारात वाटा हवा होता, खेळाडूंशी मैत्री हवी होती. खेळाडूही बदलले होते. १९५७ मध्ये आलेले जिम ब्राऊन हे त्या काळातील सर्वांत भेदक धावपटू. प्रत्येक चाल बाहेरून ठरवली जाणे त्यांच्यासारख्यांना जाचू लागले होते.

ठिणगी पडली ती एका अदलाबदलीवरून. मालकाला न विचारता ब्राऊन यांनी बॉबी मिचेल यांना वॉशिंग्टनला देऊन अर्नी डेव्हिस या तरुण खेळाडूचे हक्क मिळवले. डेव्हिस हे प्रतिष्ठेचा हाइजमन पुरस्कार मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. कृष्णवर्णीयांना शेवटपर्यंत दार बंद ठेवणाऱ्या वॉशिंग्टनच्या संघात मिचेल यांचा प्रवेश झाला तो याच व्यवहारामुळे. इकडे १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिस यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. आजार काहीसा आटोक्यात येताच त्यांना खेळू द्यावे, असे मॉडेल यांना वाटत होते. ब्राऊन यांनी साफ नकार दिला. डेव्हिस क्लीव्हलँडकडून एकही सामना न खेळता मे १९६३ मध्ये वारले. त्यांचे वय अवघे २३ होते.

त्याआधीच, जानेवारी १९६३ मध्ये, मॉडेल यांनी ब्राऊन यांना पदावरून दूर केले होते. शहरातील वृत्तपत्रांचा तेव्हा संप चालू होता. त्यामुळे संघाला ज्यांचे नाव होते त्यांच्या बडतर्फीची बातमी क्लीव्हलँडच्या दैनिकांत छापूनच आली नाही. सूत्रे त्यांचे जुने सहकारी ब्लँटन कॉलिअर यांच्याकडे गेली. त्यांच्या हाताखाली संघाने १९६४ चे विजेतेपद जिंकले. क्लीव्हलँडचे त्यानंतरचे विजेतेपद अद्याप यायचे आहे.

कराराची रक्कम मिळत राहिल्याने पैशांची चणचण नव्हती. कॅलिफोर्नियातील ला होया येथे समुद्रकाठी घर होते, गोल्फ होता. पण ५४ व्या वर्षी रिकामे बसणे त्यांना मानवले नाही. १९६७ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला. असा सन्मान सहसा संपलेल्या कारकिर्दीचा असतो. त्याच वर्षी मात्र त्यांच्या गटाला सिनसिनाटीसाठी नव्या संघाचा परवाना मिळाला. या वेळी त्यांनी मालकीत स्वतःचा वाटा ठेवला, कारभारात शेवटचा शब्द स्वतःचाच राहील अशी व्यवस्था केली. संघाला त्या शहरातील एका जुन्या संघाचे बेंगॉल्स हे नाव देण्यात आले. बंगालचा वाघ अशा रीतीने ओहायोत पोहोचला! काळा आणि नारिंगी हे रंग मॅसिलनच्या शाळेच्या संघाचेही होते.

१९६८ च्या पहिल्या हंगामात तीनच सामने जिंकता आले. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, ब्राऊन यांच्या पत्नी केटी यांचे निधन झाले. १९७० मध्ये दोन लीग एकत्र आल्या आणि दोन्ही ओहायोकर संघ एकाच गटात पडले. ऑक्टोबरमध्ये ब्राऊन प्रतिस्पर्धी म्हणून क्लीव्हलँडच्या मैदानावर उतरले आणि ३०-२७ असे हरले. सामन्यानंतर कॉलिअर यांच्याशी हस्तांदोलन न करताच ते निघून गेल्याने प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. आपण सामन्यापूर्वीच कॉलिअर यांना भेटलो होतो, असा खुलासा त्यांनी केला. नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीत बेंगॉल्सने १४-१० असा विजय मिळवला आणि सातपैकी सहा सामने गमावून सुरुवात केलेल्या या संघाने अखेर गटाचे विजेतेपद मिळवले. या एका विजयाचे समाधान त्यांना अनेक करंडकांहून अधिक वाटले असावे.

सिनसिनाटीत त्यांनी संघाला तीनदा बाद फेरीत नेले, तेथे मात्र एकही सामना जिंकता आला नाही. जानेवारी १९७६ मध्ये ते प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले आणि उत्तराधिकारी निवडताना त्यांच्या हातून, आज मागे वळून पाहता, मोठी चूक घडली. हुशार सहायक बिल वॉल्श यांना डावलून त्यांनी बिल जॉन्सन यांना निवडले. दुखावलेले वॉल्श निघून गेले. सिनसिनाटीत आकाराला आलेली आखूड पासची पद्धत त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत परिपूर्ण केली आणि तिला पुढे वेस्ट कोस्ट असे नाव पडले! बेंगॉल्स १९८२ आणि १९८९ च्या जानेवारीत सुपर बोलच्या अंतिम सामन्यात पोहोचले. दोन्ही वेळा समोर वॉल्श यांचाच संघ होता आणि दोन्ही वेळा तोच जिंकला. दुसऱ्या वेळी निर्णायक टचडाउन झाला तेव्हा ३४ सेकंद उरली होती. ब्राऊन यांच्या तालमीत घडलेल्यांत वॉल्श एकटे नव्हते. डॉन शुला आणि चक नोल हे विख्यात प्रशिक्षकही क्लीव्हलँडमध्ये त्यांच्या हाताखाली खेळलेले.

मॉडेल यांच्याविषयीचा राग शेवटपर्यंत निवळला नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी मॉडेल यांच्यावर सडकून टीका केली आणि त्यापायी आयुक्तांनी त्यांना दंडही ठोठावला. ५ ऑगस्ट १९९१ रोजी सिनसिनाटीत त्यांचे निधन झाले. मॅसिलनमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. संघाची धुरा पुत्र माइक ब्राऊन यांच्याकडे गेली.

चार वर्षांनी, १९९५ मध्ये, मॉडेल यांनी क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला हलवण्याचे जाहीर केले. शहरात संतापाची लाट उसळली, खटले झाले आणि अखेर खेळाडू गेले तरी संघाचे नाव, रंग व विक्रम क्लीव्हलँडकडेच ठेवण्याची तडजोड झाली. १९९९ मध्ये ब्राऊन्स हा संघ त्याच नावाने पुन्हा मैदानात उतरला आणि तेव्हापासून ओहायोचे दोन्ही संघ दर हंगामात दोनदा एकमेकांशी भिडतात. सिनसिनाटीत २००० मध्ये उभारलेल्या क्रीडांगणाला पॉल ब्राऊन यांचे नाव देण्यात आले होते. २०२२ मध्ये नामकरणाचे हक्क एका कंपनीला विकले गेल्याने ते बदलले. मॅसिलनमधील शाळेच्या क्रीडांगणाला त्यांचे नाव आजही आहे.